आय-वॉशची पट्टी दाबली आणि पाणी आलं नाही

रसायन डोळ्यात उडालं तर डोळे धुवायचा नळ म्हणजे आय-वॉश. त्याची पट्टी दाबली की दोन्ही तोंडांतून पाणी उसळून वर यायला हवं. त्या दिवशी आधी नुसती हवा फुसफुसली, मग गंजाच्या रंगाचे चार-पाच थेंब पडले आणि मग काहीच नाही. मी पुन्हा दाबली. तिसऱ्यांदा अंगाचा सगळा भार टाकून दाबली. माझा दंड घट्ट धरून उभी असलेली मुलगी एवढंच म्हणत होती, "मॅडम, खूप जळतंय."

या गोष्टीला वर्ष होऊन गेलं. तेव्हा लिहायचं धाडस झालं नाही. मुलीचा डोळा वाचला, पूर्ण वाचला. परवा तिनेच सांगितलं, "मॅडम, लिहा तुम्ही, फक्त माझं नाव नको," म्हणून आज लिहायला बसले. विद्यापीठाचंही नाव घेणार नाही. मी गेली बावीस वर्षं रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळांमध्ये आहे. आधी लॅब असिस्टंट होते, गेली सहा वर्षं विभागाची सुरक्षा समन्वयक आहे. विद्यापीठात नोकरी करणाऱ्या कुणालाही यातलं बरंचसं ओळखीचं वाटेल.

काचसामान धुवायला आम्ही आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये पोटॅशियम हायड्रॉक्साइड विरघळवून ठेवतो. सगळे त्याला बेस बाथ म्हणतात. रात्रभर बुडवलेला गोल बुडाचा फ्लास्क ती बाहेर काढत होती. हातात जाड मोजे होते, अंगात एप्रन होता. गॉगलही होता, पण कपाळावर. काचेवर धुकं धरलं म्हणून तिने तो क्षणभर वर सरकवला होता. मोज्यातून फ्लास्क निसटला, परत बाथमध्ये पडला आणि थेंब उडाला.

आम्ल डोळ्यात गेलं की वरच्या पेशींमधली प्रथिनं साकळतात आणि तो साकळलेला थरच पुढच्या आम्लाला थोडाफार अडवतो. पोटॅशियम हायड्रॉक्साइडसारख्या अल्कलीचं तसं नाही. ती पेशींमधल्या चरबीचा साबण करत आत आत शिरते. नुकसान खोलवर होत असतं. म्हणून आय-वॉश दहा सेकंदांत गाठता येईल इतका जवळ हवा आणि त्यातून सलग पंधरा मिनिटं कोमट पाणी मिळायला हवं, असं अमेरिकेतलं मानक सांगतं. दर आठवड्याला तो चालवून बघावा, असंही त्यातच आहे. आमचा आय-वॉश बेस बाथपासून सहा पावलांवर होता. अंतराचा नियम आम्ही तंतोतंत पाळला होता.

तिला मी ओढतच दुसऱ्या टोकाच्या सिंककडे नेलं. तिथल्या नळाला रबरी नळी होती. पंधरा मिनिटं डोळ्यात पाणी घालणं म्हणजे काय असतं ते ज्याने केलंय त्यालाच कळेल. डोळा उघडा राहतच नाही. माणूस जिवाच्या आकांताने पापण्या मिटतो आणि आपल्याला दोन बोटांनी त्या उघड्या धराव्या लागतात. वरची पापणी उलटून तिच्या खालीही पाणी गेलं पाहिजे, कारण रसायन तिथेच दडून बसतं. "वर बघ, आता खाली बघ, उजवीकडे," असं मी सांगत होते. तिचे दात वाजत होते, माझ्या बाह्या कोपरापर्यंत भिजल्या होत्या. आमचे अटेंडंट मामा भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून मिनिटं मोजत होते. सातव्या मिनिटाला त्यांनी विचारलं, "मॅडम, आता बास करायचं का?" मी नाही म्हटलं. त्यांचा आवाज कापरा झाला होता, तरी त्यांनी मोजणं सोडलं नाही. नंतर दवाखान्यात लिटमससारखी पट्टी डोळ्याला लावून बघितली आणि पुन्हा अर्धा तास सलाइनने धुतलं. तीन आठवड्यांनी ती लॅबमध्ये परत आली.

त्या संध्याकाळी मी आय-वॉशच्या शेजारी लटकवलेला तपासणीचा तक्ता काढून घरी नेला. तारीख, 'ठीक' आणि सही, असे तीन रकाने. एकही आठवडा चुकलेला नव्हता. खालच्या मजल्याच्या छतातला व्हॉल्व्ह बंद होऊन सहा आठवडे झाले होते, हे दुसऱ्या दिवशी कळलं. म्हणजे पाणी बंद असताना सहा वेळा 'ठीक' लिहिलं गेलं होतं. त्यातल्या दोन सह्या माझ्या होत्या.

हे मी कुठे लपवलं नाही. चौकशीत पहिल्याच बैठकीत सांगितलं आणि इथेही सांगते. आमच्या आय-वॉशखाली पाणी जायला मोरीच नव्हती. पट्टी दाबली की पाणी जमिनीवर, मग ते पुसायला मावशींना बोलवायचं, त्यांच्या हातातलं काम थांबवायचं. म्हणून हळूहळू 'चालवून बघणं' याचं 'बघणं' झालं. धूळ नाही ना, समोर खोके ठेवलेले नाहीत ना, झाकणं जागेवर आहेत ना, एवढं बघायचं आणि सही करायची. असं करा म्हणून कुणी सांगितलेलं नव्हतं. सगळ्यांच्या हातून ते आपोआप तसं होत गेलं होतं.

चौकशीत मी एक साधी गोष्ट केली. व्हॉल्व्ह बंद करणाऱ्या हातापासून सुरुवात केली आणि कागदावर उलट दिशेने चालत गेले. व्हॉल्व्ह प्लंबरने बंद केला, कारण खालच्या मजल्यावरच्या खोलीत छतातून पाणी गळत होतं. तशी तक्रार खालच्या विभागाने देखभाल शाखेकडे केली होती. सुपरवायझरने प्लंबरला पाठवलं, गळती थांबली, तक्रार निकाली निघाली. त्या पाइपवर वरच्या मजल्याचा आय-वॉश आहे हे प्लंबरला माहीत असायचं कारण नव्हतं, कारण व्हॉल्व्हवर पाटीच नव्हती. आमच्या विभागाला कळवायचं होतं, पण कळवायचं कुणी हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. विभागाच्या सुरक्षा समितीचे अध्यक्ष आठ महिन्यांपूर्वी निवृत्त झाले होते, त्यांच्या जागी कुणाची नेमणूक झाली नव्हती, त्यामुळे समितीची बैठकही झाली नव्हती. विभागप्रमुखांच्या टेबलावर नेमणुकीची टिपणी पडून होती. या साखळीत मला वाईट माणूस एकही सापडला नाही. प्रत्येकाने आपलं काम केलं होतं, आणि प्रत्येकाला मनापासून वाटत होतं की पुढचं दुसरं कुणीतरी बघतंय.

विद्यापीठाच्या सुरक्षा धोरणाचं पहिलं वाक्य असं आहे: 'सुरक्षा ही सर्वांची जबाबदारी आहे.' त्या वाक्याशी माझं आता पटत नाही. काळजी सर्वांनी घ्यायची, हे खरं. पण जबाबदारीला नाव लागतं. सर्वांची म्हटली की ती त्या मोरी नसलेल्या पाण्यासारखी सगळीकडे पसरते आणि पुसायला कुणी नसतं.

मग कुणाची? यावर मी वर्षभर बरंच वाचलं. ब्रिटनमध्ये १९७२ साली रोबेन्स समितीचा अहवाल आला. धोका जे निर्माण करतात आणि धोक्याबरोबर जे काम करतात, त्यांनीच तो आवरायचा, ही पहिली जबाबदारी त्यांची, असं त्या अहवालाचं सार आहे. त्याच अहवालावरून तिथे १९७४ चा कामाच्या ठिकाणच्या आरोग्य आणि सुरक्षेचा कायदा झाला. त्यात मालकाचं कर्तव्य आधी येतं, आणि आपली व आपल्या कृतीमुळे ज्यांना इजा होऊ शकते त्यांची वाजवी काळजी घेण्याचं कर्तव्य प्रत्येक कर्मचाऱ्यावरही येतं. कारखान्यात हे लावून बघणं सोपं आहे. मालक दिसतो, फोरमन दिसतो, कामगार दिसतो. विद्यापीठात तसं नसतं.

प्राध्यापक हा विद्यापीठाचा नोकर, पण आपल्या लॅबमध्ये तोच मालक. तोच विषय ठरवतो, तोच निधी आणतो, कोणतं रसायन कधी मागवायचं हे तोच सांगतो. आणि त्याच्या हाताखाली काम करणारी मुलं कर्मचारी नसतात, विद्यार्थी असतात. त्यांची पदवी, शिफारसपत्र, पुढची नोकरी हे सगळं त्याच्या सहीवर अवलंबून असतं. अशा मुलाने "सर, हे मला सुरक्षित वाटत नाही" असं म्हणायचं म्हणजे किती बळ लागत असेल! सुरक्षा अधिकारी असतो, पण तो सल्ला देतो. नोटीस काढतो, शेरा मारतो, निघून जातो. कुलगुरूंना दिवसाला शंभर फायली असतात. मध्ये विभागप्रमुख, आणि ते दर तीन वर्षांनी बदलतात. कारखान्यात सरळ वरून खाली येणारी दोरी विद्यापीठात चार ठिकाणी सुटलेली असते.

ती सुटलेली असली की काय होतं याची दोन उदाहरणं मी प्रत्येक नव्या तुकडीला सांगते. २९ डिसेंबर २००८ ला लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात शेरी संगजी नावाची २३ वर्षांची संशोधन सहायक टर्शरी ब्युटिल लिथियम सिरिंजने काढत होती. हवा लागताच पेटणारं ते द्रावण. सिरिंजचा दांडा बाहेर निघाला, द्रावण अंगावर आलं आणि पेटलं. अंगात कृत्रिम धाग्याचा स्वेटर होता, एप्रन नव्हता. अठरा दिवसांनी, १६ जानेवारी २००९ ला ती गेली. मला सगळ्यात जास्त लागलं ते पुढचं. दोनच महिने आधी विद्यापीठाच्याच तपासणीत त्या लॅबमध्ये लोक एप्रन घालत नाहीत अशी नोंद झाली होती. म्हणजे तपासणाऱ्याने बघितलं होतं, लिहिलं होतं, कळवलंही होतं. तो कागद लॅबच्या दारात येऊन थांबला. २०११ मध्ये प्राध्यापकावर आणि विद्यापीठाच्या नियामक मंडळावर फौजदारी गुन्हे दाखल झाले. विद्यापीठाचं प्रकरण २०१२ मध्ये आणि प्राध्यापकाचं २०१४ मध्ये तडजोडीने मिटलं. ती पगारी कर्मचारी होती म्हणून तिथल्या कामगार सुरक्षा कायद्याच्या कक्षेत आली. पगार न घेणारी विद्यार्थिनी असती तर त्या कायद्याला तिचा मृत्यू दिसलाही नसता. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही, कारण माझ्यासमोर रोज उभी राहणारी बहुतेक मुलं पगारी नाहीत.

दुसरी घटना जानेवारी २०१० ची, टेक्सास टेक विद्यापीठातली. निकेल हायड्रझीन पर्क्लोरेट हा स्फोटक पदार्थ एका वेळी १०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त करायचा नाही असं गटात ठरलं होतं. ठरलं होतं म्हणजे तोंडी. मुलांनी केला सुमारे १० ग्रॅम, म्हणजे शंभरपट. त्यातला अर्धा खलात घेऊन त्यातल्या गुठळ्या मोडताना स्फोट झाला आणि एका विद्यार्थ्याची तीन बोटं गेली. अमेरिकेच्या रासायनिक सुरक्षा मंडळाने चौकशी केली. त्याच गटात आधीही छोट्या घटना झाल्या होत्या, पण त्यांची नीट नोंद झाली नव्हती, इतरांपर्यंत त्या पोचल्या नव्हत्या. मंडळाने त्यातून एक धडा असा काढला की सुरक्षा तपासणाऱ्याने अशा माणसाला अहवाल द्यावा ज्याच्या हातात सुधारणा घडवून आणण्याचा अधिकार आहे. मला तो फार महत्त्वाचा वाटतो. नुसता डोळे असलेला माणूस नेमायचा आणि त्याला हात द्यायचे नाहीत, हे विद्यापीठं वर्षानुवर्षं करत आली आहेत. मी स्वतः सहा वर्षं तेच पद सांभाळते आहे.

आमच्याकडे त्या अपघातानंतर जे बदललं त्याचं श्रेय नव्या विभागप्रमुखांना आहे. मी त्यांच्यापुढे कागदावरची ती उलटी साखळी ठेवली. त्यांनी ती दोनदा वाचली आणि म्हणाले, "मॅडम, प्रत्येक वस्तूला एक नाव द्या. समितीचं नको, माणसाचं." मग आम्ही तीन आठवडे तेच करत होतो. प्रत्येक आय-वॉश, शॉवर, फ्यूम हूड (विषारी वाफा ओढून घेणारं कपाट), अग्निशामक, गॅसचा सिलिंडर, टाकाऊ द्रावणांचा कॅन, प्रथमोपचाराची पेटी. प्रत्येकावर एक कार्ड, कार्डावर एक नाव आणि तो माणूस रजेवर असताना बघणाऱ्याचं दुसरं नाव. ही माणसं म्हणजे प्राध्यापकही, विद्यार्थीही, मामाही. छतातल्या व्हॉल्व्हवर पाटी लागली: 'वर आय-वॉश आहे. बंद करण्याआधी फोन करा', आणि खाली नंबर. देखभाल शाखेच्या सुपरवायझरनी ती पाटी बघितल्यावर स्वतःहून आणखी अकरा व्हॉल्व्ह शोधून काढले, ज्यांच्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं. आय-वॉशखाली मोरी काढायला मात्र पाच महिने गेले. तोवर आम्ही बादली धरत होतो.

मग प्रश्न आला प्राध्यापकांचा. कार्डावर मुलांची नावं घालणं सोपं, पण लॅबमध्ये चालणाऱ्या प्रयोगाचा धोका कुणाचा? इथे मी हट्ट धरला. नवीन अभिक्रिया सुरू करण्याआधी एक पान भरायचं: काय काय वापरणार, किती, काय बिघडू शकतं, बिघडलं तर आधी काय करणार. भरायचं विद्यार्थ्याने, वाचून सही करायची मार्गदर्शकाने, आणि प्रमाण वाढवायचं झालं तर नवीन पान. एका ज्येष्ठ सरांनी मला सरळ विचारलं, "माझ्या विद्यार्थ्यावर माझा विश्वास नाही असं तुम्हाला म्हणायचंय का?" मी म्हटलं, "सर, तुमच्या विश्वासाचा प्रश्नच नाही. त्याला रात्री अकरा वाजता १०० मिलिग्रॅम की १० ग्रॅम असा प्रश्न पडला, तर तुमचा आकडा त्याच्यासमोर लिहिलेला असावा." सर थोडा वेळ गप्प बसले. मग त्यांनी पहिलं पान स्वतःच्या हाताने भरलं, आणि त्यात एक गोष्ट अशी लिहिली जी मला बावीस वर्षांत सुचली नव्हती: इथरची बाटली उघडल्याची तारीख. इथर उघडून ठेवला की हवेतल्या प्राणवायूने त्यात पेरॉक्साइड साचत जातं, आणि जुनी बाटली ऊर्ध्वपातन करताना किंवा नुसतं झाकण फिरवतानाही फुटू शकते. त्यांच्या तरुणपणी एका सहकाऱ्याच्या बाबतीत ते झालं होतं. चाळीस वर्षं ते त्यांच्या मनात होतं, कागदावर कधी आलं नव्हतं.

माहिती ज्याच्याकडे आहे त्याने ती पुढे दिली पाहिजे, ही जबाबदारी मला सगळ्यात मोठी वाटते आणि तिच्याविषयी सगळ्यात कमी बोललं जातं. कॅरन वेटरहान या विषारी धातूंच्याच तज्ज्ञ होत्या. ऑगस्ट १९९६ मध्ये अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात त्यांच्या लेटेक्सच्या मोज्यावर डायमिथाइल मर्क्युरी या पाऱ्याच्या विषारी संयुगाचे एक-दोन थेंब पडले. फ्यूम हूडमध्ये काम चाललं होतं, मोजे होते, सगळं नियमाप्रमाणे होतं. ते द्रव लेटेक्समधून काही सेकंदांत आरपार जातं हे तेव्हा माहीत नव्हतं. काही महिन्यांनी तोल जायला लागला, बोलणं अडखळायला लागलं. जून १९९७ मध्ये त्या गेल्या. त्यांच्या सहकाऱ्यांनी मोज्यांची चाचणी करून घेतली आणि जगभरच्या रसायनशास्त्रज्ञांना सावध केलं. आज मी मुलांना सांगते की 'ग्लव्हज घातले होते' हे अर्धंच उत्तर आहे, कोणते ग्लव्हज हे सांगा, तेव्हा त्यामागे ते सहकारी आहेत.

लॅबच्या बाहेरही विद्यापीठ असतं, हे समितीत बसलं की सगळे विसरतात. ग्रंथालयात शिडीवर चढून वरच्या फळीवरचे खंड काढणारे, वर्कशॉपमध्ये लेथ चालवणारे, परीक्षा विभागात दहा दहा तास वाकून बसणारे, चित्रकला विभागात बंद खोलीत टर्पेंटाइन वापरणारे. रात्री एकट्याने यंत्रावर काम करायचं नाही हा नियम सगळ्यांना कंटाळवाणा वाटतो, पण एप्रिल २०११ मध्ये येल विद्यापीठाच्या वर्कशॉपमध्ये एका विद्यार्थिनीचे केस रात्री लेथमध्ये अडकले आणि ती गेली. ती एकटी होती.

पण मला थांबायचंय ते सफाईच्या मावशींपाशी. त्या विद्यापीठाच्या नोकर नाहीत, ठेकेदाराच्या आहेत. आमच्या प्रशिक्षणाच्या यादीत त्यांचं नाव कधीच नव्हतं, कारण यादी आस्थापना विभागाच्या रजिस्टरवरून निघते. आणि लॅबमधल्या प्रत्येक कचऱ्याला सगळ्यात आधी हात लागतो तो त्यांचा. दोन वर्षांपूर्वी एका मावशींच्या अंगठ्यात फुटलेल्या पिपेटची टोकदार काच घुसली. ती काच साध्या कचऱ्याच्या काळ्या पिशवीत टाकलेली होती. मावशींनी पदराने रक्त पुसलं आणि काम चालू ठेवलं. कुणाला सांगितलंही नाही. मला दुपारी कळलं, तेही फरशीवरचा डाग बघून. पिपेटमध्ये काय होतं हे विचारत मी चार लॅब फिरले आणि कुणालाच सांगता आलं नाही. मी त्यांना म्हटलं, "मावशी, सांगायचं ना लगेच." त्या म्हणाल्या, "सांगितलं तर म्हणतील नीट बघून काम करत नाही."

ते वाक्य मी समितीच्या इतिवृत्तात जसंच्या तसं घालायला लावलं. फुटकी काच टाकायला जाड पुठ्ठ्याचा वेगळा डबा आला, काच टाकणाऱ्यानेच तो चिकटपट्टीने बंद करायचा, त्यावर लॅबचा क्रमांक लिहायचा असं ठरलं. आणि मावशींचं प्रशिक्षण सुरू झालं. त्याची भीती मला होती, की रसायनांची नावं ऐकून त्या घाबरतील. तसं काही झालं नाही. डब्यांवरची लाल चौकटीतली चित्रं मी त्यांना दाखवली, ज्वाळा, कवटी, हातावर सांडणारं द्रव. एकीने लगेच विचारलं, "मग हे हातावर सांडणाऱ्याचं चित्र असलेल्या बाटल्या सिंकखाली फिनाइलच्या शेजारी का ठेवता?" मी जाऊन बघितलं. खरंच ठेवल्या होत्या. सुरक्षा तपासणीच्या तीन फेऱ्यांमध्ये ते कुणाला दिसलं नव्हतं, कारण तपासणारे सिंकखाली वाकत नाहीत. मावशी रोज वाकतात.

काम थांबवण्याचा अधिकार कुणाला, यावर आमची सगळ्यात जास्त वादावादी झाली. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९८१ च्या १५५ क्रमांकाच्या करारातच म्हटलं आहे की जिवाला किंवा आरोग्याला गंभीर आणि तातडीचा धोका आहे असं वाटण्याला वाजवी कारण असेल, तर कामावरून बाजूला होणाऱ्या कामगाराला त्याचा त्रास होऊ देता कामा नये. २०२२ मध्ये सुरक्षित आणि निरोगी कामाचं ठिकाण हा हक्क त्या संघटनेने मूलभूत हक्कांमध्ये घेतला. मी तो करार छापून बैठकीत वाटला. एक प्राध्यापक म्हणाले की पहिल्या वर्षाच्या मुलाला असा अधिकार दिला तर संशोधन ठप्प होईल. मला त्यांचा मुद्दा समजतो. चार दिवस चालणारी अभिक्रिया मध्येच थांबवली की महिन्याचं काम वाया जातं. पण मी माझा तो तक्ता पुढे केला, सहा 'ठीक' असलेला, आणि म्हटलं की या सहा आठवड्यांत एका जरी माणसाला 'पाणी नाही, बाथ उघडू नका' असं म्हणायचा अधिकार आहे असं वाटलं असतं, तर त्याने आधी पट्टी दाबून बघितली असती. तपासून काही उपयोग नाही असं वाटतं तेव्हाच माणूस नुसती सही करतो. त्यावर कुणी काही बोललं नाही. ठराव झाला: विभागातला कुणीही, मामा आणि मावशींसह, लाल कार्ड लावून काम थांबवू शकतो. थांबवणाऱ्याला कारण एका ओळीत लिहायचं, आणि पुन्हा सुरू करायची सही मार्गदर्शकाची. थांबवल्याबद्दल कुणाला जाब विचारायचा नाही. हे शेवटचं वाक्य विभागप्रमुखांनी स्वतः घातलं.

वर्षात नऊ लाल कार्डं लागली. त्यातली दोन अनावश्यक होती, असं नंतर ठरलं, आणि ती लावणाऱ्या दोघांनाही मी जाऊन भेटले, पुढच्या वेळीही लावा असं सांगायला. अपघात होता होता टळलेल्या प्रसंगांची वही वेगळी ठेवली आहे, तिच्यात नाव लिहिलंच पाहिजे असं नाही. पहिले दोन महिने ती कोरीच होती. मग मी स्वतःची नोंद केली: द्रवरूप नायट्रोजनचा डबा घेऊन मी लिफ्टमध्ये शिरले होते. एक लिटर द्रवाचा सुमारे ७०० लिटर वायू होतो, लिफ्ट अडकली असती आणि डबा कलंडला असता तर आतला प्राणवायू कमी होऊन मी न कळताच बेशुद्ध पडले असते. डबा लिफ्टने एकटा पाठवायचा आणि वरच्या मजल्यावर दुसऱ्याने घ्यायचा, हे मीच मुलांना शिकवते. त्या दिवशी घाई होती. ती नोंद वाचल्यावर पुढच्या आठवड्यात चार नोंदी आल्या.

सोमवारी सकाळी नऊला आय-वॉशची तपासणी असते. आता मोरी झाली आहे, पण बादली आम्ही अजून ठेवतो, पाणी किती आणि कसं येतं ते तिच्यात दिसतं. तिसऱ्या क्रमांकाच्या आय-वॉशच्या कार्डावर त्या मुलीचं नाव आहे. ते तिने मागून घेतलं. मागच्या सोमवारी तिने पट्टी दाबली, तीन मिनिटं पाणी जाऊ दिलं, आधीचं पिवळसर पाणी निघून स्वच्छ यायला लागेपर्यंत. मग वाकून दोन्ही धारा शेजारी शेजारी बघितल्या. "मॅडम, डावीकडचा जोर कमी आहे," ती म्हणाली. मी बघितलं. फरक बोटभरही नव्हता. तिने खिशातून लाल कार्ड काढलं, बेस बाथच्या झाकणावर लावलं, खाली एक ओळ लिहिली आणि देखभाल शाखेला फोन केला. तिचे सर दारात उभे होते, हातात धुवायचे चार फ्लास्क घेऊन. त्यांनी कार्ड वाचलं आणि फ्लास्क ओट्यावर ठेवून दिले.

दुपारी साडेतीनला प्लंबर आला. तोंडातल्या जाळीत गंजाचा कपचा अडकला होता. तोवर कुणी बाथचं झाकण उघडलं नाही.